भुलीतलं दर्शन

देव इंजेक्शनातून येतो का, या एका प्रश्नाने माझं नामस्मरण बंद पडलं. तीस वर्षं रोज सकाळी देवापाशी बसणारी मी. धारच्या दवाखान्यात पाय बांधून पडले होते आणि ओठांवर नाव येत नव्हतं.

आम्ही दोघं नवरा-बायको देवासहून धरमपुरीला नर्मदेच्या दर्शनाला गेलो होतो. घाटाच्या ओल्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. धारला पोचेपर्यंत कळा सोसवेनात. हाड जागेवर बसवायचं म्हणून डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन दिलं. आधी पंख्याचा आवाज लांब लांब होत गेला. मग माझ्या अंगाला कडाच उरल्या नाहीत. मी कुठे संपते तेच सापडेना. मूर्ती नव्हती, मुकुट नव्हता, पण कुणीतरी होतं आणि ते मला माझ्या जन्माआधीपासून ओळखत होतं. भीती तिथे नव्हतीच. शुद्धीवर आले ती आनंदाने रडत.

ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, “अगं, औषधाची नशा ती. मनावर घेऊ नकोस.” डॉक्टरही म्हणाले, या औषधाने काहींना असं होतं. मी गणिताची शिक्षिका. मला ते पटलं, आणि पटताच नाव घेणं थांबलं. सुईभर औषधाने जे दाखवलं, ते इतक्या वर्षांच्या पूजेने कधी दाखवलं नव्हतं. मग खोटं काय? ते, की माझी पूजा? तीन दिवसांनी त्याच घोट्याचं मोठं ऑपरेशन होतं, आणि आधाराला काहीच उरलं नव्हतं.

शेजारच्या खाटेवर राजगढकडच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. माझं रडणं दोन दिवस बघून त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. माझ्या चष्म्याकडे बोट दाखवून त्या आपल्या माळवी बोलीत म्हणाल्या, “बेन, थारे चश्मा से जो दिखे, वो झूठो हे कई?”

मी म्हटलं, “माजी, चश्मा जो है वही दिखाता है. दवा तो जो नहीं है, वो भी दिखा सकती है.”

“तो सोच नी,” विचार कर ना, अशा सुरात त्या म्हणाल्या. “रोवे क्यों हे?”

त्या कुशीवर वळून झोपून गेल्या. मी मात्र, वर्गात सिद्धता सुरू करताना फळ्यावर लिहिते तसं, एक्स-रेच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं, ‘समजा’. समजा, ते सगळं फक्त मेंदूतलंच होतं. मग ही निर्भय जागा माझ्याच डोक्यात आहे आणि मला तिचा पत्ताच नव्हता! समजा, औषधाने पडदा सारला. मग पलीकडे जे आहे ते औषध उतरल्यावरही असेलच. समजा, दोन्ही चूक. मग देव माझ्या कल्पनेपेक्षा वेगळा आहे, आणि कदाचित मीही. एकही गोष्ट सिद्ध झाली नाही. पण पाकीट भरलं तेव्हा मी रडत नव्हते. संध्याकाळी डॉक्टर आले, त्यांना ते दाखवलं. त्यांनी उभ्या उभ्या सगळं वाचलं आणि म्हणाले, “दवा से हुआ, इतना मैं जानता हूँ, मैडम. क्या हुआ, ये मैं भी नहीं जानता.” त्या माणसाच्या प्रामाणिकपणाला मी मनोमन हात जोडले.

ऑपरेशनला कमरेत इंजेक्शन दिलं. या वेळी मी जागी राहणार होते. हत्यारांची खणखण सुरू झाली, छाती धडधडू लागली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी अशी प्रार्थना केली: “समजा, तू आहेस. मग हा पाय तुझा, ही भीतीही तुझी.” अंगाच्या कडा विरघळल्या नाहीत, काही दिसलंही नाही. पण श्वास आपोआप संथ झाला आणि नाव ओठांवर आलं, ते शेवटचा टाका पडेपर्यंत थांबलं नाही.

पुढच्या चैत्रातल्या नवरात्रात मी देवासच्या माताजींची टेकडी पायऱ्यांनी चढले. कुणाचाही हात न धरता! हे मागून ओरडत होते, “अगं, जरा हळू!” वर पोचून मी देवीपुढे उभी राहिले आणि मोठ्याने हसले.

ते इंजेक्शन मी पुन्हा मागणार नाही. आजवर मी शरण जात होते, पण आधी खात्री मागून. त्या भुलीत माझ्यापाशी कोण आलं होतं, ते अजून कळलेलं नाही. न कळताही माथा टेकता येतो, एवढं मात्र कळलं.