चादरीखालचा अँप

माझा गिटारचा अँप्लिफायर, म्हणजे अँप, जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हचा. तो कार्यक्रमात अर्ध्या तासानं खरखरायचा आणि दुकानात नेला की शहाण्यासारखा वाजायचा. वाजवताना मी सारखा मागं, अँपकडं बघायचो.

शुक्रवार पेठेतल्या एका मेकॅनिकनं अँपवर सरळ जाड सोलापुरी चादर टाकली. "गरम झाल्याबिगर खोड दाखवणार न्हाय. तुमी वाजवा."

तो डोळे मिटून ऐकत बसला. खरखर सुरू होताच त्यानं चादर काढली आणि लाकडी पेन्सिलीनं एकेक व्हॉल्व्ह हलकेच ठोकला. तिसऱ्यावर खरखर वाढली; त्याच्या बुडाशी जोडाचं सोल्डर सुटलं होतं. ते जोडून त्यानं चादर पुन्हा टाकली.

"आता कशाला?"

"थंड असताना समदेच नीट वागत्यात की!"

त्या संध्याकाळी कार्यक्रमात मी दोन तास वाजवलं. एकदाही मागं बघितलं नाही.