पडदे पिळताना सुचलेलं हेलिकॉप्टर

दिवाळीच्या साफसफाईत माझ्या हातून एक माणूस अवकाशात गेला.

आमची केतकी कॉलेजच्या सहलीला आठ दिवस गेली होती आणि कॉम्प्युटर चालूच ठेवून गेली होती. तिचा एक खेळ आहे. त्यात रॉकेटं जोडायची, छोटी छोटी माणसं आत बसवायची आणि वर धाडायची. माणसांना नावं तिने घरातलीच दिलेली. बाबा तर केव्हाच चंद्रावर झेंडा रोवून तिथेच बसले होते (घरी तीन महिने सांगतेय, एक खिळा ठोकलेला नाही). निघताना तिने मला बजावलं, "आई, धूळ पूस, पण बटणं दाबू नकोस. दोन वर्षांत माझं एकही माणूस मेलेलं नाही."

मी बटणं दाबली नाहीत. पुसली. त्यातलं सगळ्यात लांब बटण सगळ्यात मळकं होतं, म्हणून ओल्या फडक्याने जरा जोर लावला. स्क्रीनवर धूर झाला आणि रॉकेटसकट काका गेले.

घाबरून मी तेच बटण पुन्हा पुसलं, तर रॉकेटचे तुकडे गळून पडले. आणखी एकदा पुसलं तेव्हा छत्री उघडली आणि काका तरंगत तरंगत एका डोंगराच्या उतारावर उतरले. जिवंत होते. पण तिथून परत कसे यायचे?

वर्षभर मेथी निवडता निवडता मी केतकीचा खेळ पाहिलेला. चित्रं बघून मला थोडंफार जमायचं. काकांना आणायला मी काकूंना पाठवलं. उतारावर रॉकेट उभं राहीना, काकू रॉकेटसकट आडव्या झाल्या. त्या दोघांना आणायला मामा गेले, तेही आडवे झाले. मग मात्र आत्याला पाठवलं, कारण आत्या कशानेच डगमगत नाही. आत्या डगमगली नाही, सरळ आडवी झाली.

चार दुपारींत चार माणसं डोंगरावर! मला घास गोड लागेना. ह्यांना सांगायची सोय नव्हती. हे मकरपुऱ्याच्या कारखान्यात लेथवर आहेत, मशीनला दुसऱ्याने हात लावलेला ह्यांना मुळीच खपत नाही.

उतारावरून माणसं उचलायची तर हेलिकॉप्टरच हवं. ते तयार मिळत नव्हतं, जोडावं लागत होतं. मी एक मोटर घेतली, तिला चार पाती लावली, खाली डबा जोडला. चालवायला नाव एकच उरलं होतं, आई. केतकीने मला कधी पाठवलंच नव्हतं. आईला चक्कर येते म्हणे. मी मोटर सुरू केली. पाती उजवीकडे फिरली आणि डबा डावीकडे गरगरायला लागला. खिडकीत दर सेकंदाला एकदा माझा चेहरा येऊन जायचा. केतकीचं काही चुकलं नव्हतं.

पाचव्या दिवशी गच्चीवर शेजारच्या हंसाबेनसोबत हॉलचे जाड पडदे पिळत होते. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "शुं थयुं, सुमनबेन?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "चार जण डोंगरावर अडकलेत हो."

"हाय हाय! पावागढ?"

मी मान हलवली. ती नाही म्हणून हलवली होती, पण त्याच वेळी त्यांनी पडद्याला हिसका दिला आणि मान वरखाली झाली. कोण कोण, म्हणून त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं, काका, काकू, मामा आणि आत्या. पुढचं सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांचे डोळे भरून आलेले. आता काय सांगणार? मला तर दूधवाल्याला दूध पातळ आहे हेही सांगता येत नाही.

त्या नादात हंसाबेन मी पिळत होते त्याच बाजूला पडदा पिळायला लागल्या. अख्खा पडदा नुसता गोल फिरू लागला, पाण्याचा थेंब गळेना. मी म्हटलं, "बेन, तुम्ही उलटं पिळा, नाहीतर हा असाच फिरत राहील."

आणि मी टोक सोडून खाली पळाले. (पडदा शेजारच्या सोसायटीत पडला.)

एक मोटर उजवीकडे आणि तिच्यावर दुसरी डावीकडे! संध्याकाळी पाती जोडत असतानाच हे दारात उभे राहिले. हातात शेजाऱ्यांनी दिलेला थेपल्यांचा भला मोठा डबा. जिन्यात लोक ह्यांच्या पाठीवर हात ठेवून "हिंमत राखजो" म्हणत होते म्हणे. आपलं कोण अडकलंय, म्हणून ह्यांनी विचारलं. मी स्क्रीनकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगून टाकलं.

ह्यांनी डबा टेबलावर ठेवला. मग खुर्ची ओढून बसले, एक थेपला घेतला आणि म्हणाले, "वरची पाती तिरकी लागलीयेत. आधी ती सरळ कर."

डबा गरगरला नाही. शांतपणे वर गेला आणि थेट उतारावर टेकला. मी चार खुर्च्या मोजून लावल्या होत्या. काका बसले, काकू बसल्या, मामा बसले. आत्याला मात्र जागा होईना. चौथ्या खुर्चीवर आई होती. पाहुणे मोजले होते, स्वतःला मोजायचं राहिलं होतं. मग काय, आईला खाली उतरवलं, आत्याला बसवलं आणि हेलिकॉप्टर मामांच्या हाती दिलं.

दुसऱ्या दिवशी हंसाबेननी विचारलं, "बधा आवी गया?" मी म्हटलं, हो, हेलिकॉप्टरने. तेव्हापासून सोसायटीत आमचं वजन फार वाढलंय. आमची ओळख पार वरपर्यंत आहे असं बोलतात.

गुरुवारी केतकी आली. कॉम्प्युटरसमोर बसली, सगळी माणसं मोजली आणि वळून माझ्याकडे बघत राहिली.

"आई, तू डोंगरावर एकटी काय करतेयस? थांब, आणते तुला."

मी म्हटलं, "राहू दे गं. दिवाळी झाली की आण. तिथे एकही पडदा नाही."