भागूमावशीचे डोहाळे

भागूमावशी कामशेतहून आमच्या लोणावळ्याच्या बिऱ्हाडी आली, की पाय धुवायच्या आधी स्वयंपाकघरात शिरून भांड्यांवरची झाकणं उघडायची. "काय गं, एवडुशीच आमटी? नवऱ्याला दावायला केली व्हय?" माझा स्वयंपाक तेव्हा खरोखर दाखवण्यापुरताच असे.

तिला मूल नव्हतं. तरी गावातल्या प्रत्येक डोहाळजेवणाला गाणी तिचीच. नटायचीही गर्भारशीपेक्षा जास्त. ओटी भरायची वेळ आली, की मात्र कुणी न सांगता उठायची, "भांडी पडल्यात" म्हणून परसात जायची.

पन्नाशीत तिचं पोट वाढू लागलं. गावात अशी कुजबुज, की तिचे यजमान आबा लाजून देवळातसुद्धा जाईनात. पुण्याच्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. अंडाशयात कॅन्सरची गाठ, यकृतापर्यंत पसरलेली. फार तर महिना, म्हणाले.

तिला कामशेतला घरी आणलं आणि काही कळू द्यायचं नाही, असं ठरलं. मी एवढी पट्टीची नटी, की खोलीत शिरताच भोकाड पसरलं.

"गप गं! डोळं पिवळं, पोट नगाऱ्यावानी. मला काय दिसत न्हाई? पन पोट आलंय न्हवं? मग माजं डोहाळजेवन करा. हळद लावायलाबी नगं, आंगभर हायच!"

मावशीच्या थोरल्या जाऊबाई कडाडल्या, "असल्या पोटाची कुटं ओटी भरत्यात? इपरीत व्हईल!"

"आक्का, आजून काय व्हायचं ऱ्हायलंय, ते तरी सांगा."

आबा उठले आणि आंब्याला झोपाळा बांधू लागले. दोर तपासायला बसवलं मला, घरातलं सर्वांत वजनदार माणूस म्हणून. मी धाडकन खाली! मावशी हसून हसून कळवळली, "नगं गं, टाकं उसवतील!"

दुपारी हिरवं लुगडं नेसून, फुलं माळून ती झोपाळ्यावर बसली. बायका जमल्या खऱ्या, पण तबकं घेऊन लांबच उभ्या. कुणी पुढे होईना. मावशी गाणं सुरू करून बघत होती. आवाज निघत नव्हता.

शेवटी जाऊबाईच पदर खोचून पुढे आल्या. तांदूळ, नारळ ओटीत घातला. गुरकावल्यासारखं विचारलं, "काय खावंसं वाटतंय, भागू?"

जन्मभर तोंडाला तोंड देणारी मावशी ओटीतला नारळ दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "आनिक एकदा इचारा."

मग सगळ्याजणींनी मिळून गाण्यातूनच विचारलं. सूर चुकला तो एकट्या माझा.