कशेडीत नसलेली मेंढरं

पडदा वर जातो तो महाडच्या एसटी डेपोसमोरच्या चहाच्या टपरीवर. मे महिन्यातली सकाळ. डावीकडे धापा टाकत उभी राहिलेली पोलादपूरची गाडी, मध्यभागी उकळता चहा, आणि उजवीकडून प्रवेश करते भागूबाई. हातात दुधाची किटली, लुगडं गुडघ्याशी खोचलेलं, वय सत्तरीपुढचं. तीस वर्षं ती पोलादपूरच्या वरच्या धनगरवाडीतून म्हशीचं दूध आणते आहे. ही टपरी टाकण्याआधी मी नाटक कंपनीत होतो; इतका वक्तशीर प्रवेश तिथे एकाही नायिकेने केला नाही, आणि नायिका मी पुष्कळ सोसल्या आहेत.

तिची नात गौतमी पत्रकार. कुठल्या वाहिनीची नव्हे, स्वतःची. एक फोन, तो उभा करायचं एक तिकाटणं आणि पाहणाऱ्यांचा विश्वास, एवढंच तिचं भांडवल. चार महिने ती पश्चिमेकडच्या एका लढाईच्या मुलखातून इंटरनेटवर बातम्या देत होती. भागूबाई त्या माझ्या फोनवर बघायची. पडद्यावर अख्खी इमारत कोसळलेली असायची आणि ही म्हणायची, "वाळली गो माझी बाय!" बोलणं झालं की नातीला एकच सांगणं : परत ये.

त्या सकाळी टपरीवर मुरारी होता. मुरारी फोनवर तालुक्याच्या बातम्यांचं चॅनल चालवतो. गौतमीचा व्हिडिओ तो सगळ्यांना दाखवत होता.

"हे म्हणे युद्ध! अहो, हा आपला कशेडी घाट. हा उखडलेला रस्ता, ही ढासळलेली दरड. असला रस्ता जगात दुसरीकडे असेल का?"

टपरीवरची निम्मी माणसं कशेडीतून नेहमी जाणारी. त्यांनी माना डोलावल्या. पुरावा बिनतोड होता.

मुरारीने हा शोध दोन दिवसांपूर्वीच चॅनलवर टाकला होता आणि तो गौतमीपर्यंत पोचलाही होता. 'लोक मला खोटी म्हणणार असतील, तर गाशा गुंडाळून घरी येते,' असं तिने आजीला कळवलं होतं. म्हणून विंगेतून सांगावं तसं मी हळूच म्हटलं, "बाई, गप्प बसा. चार दिवसांत नात घरी."

"खोटारडी म्हणून आणू तिला?" भागूबाईने किटली खाली ठेवली. "दाव रे मुरारी ती फिलिम."

गौतमी बोलत होती आणि तिच्या मागून एक म्हातारा कळप हाकत चालला होता.

"ही मेंढरं हायत. आपल्या पावसात मेंढराची खुरं कुजतात. इकडं कोण पाळतो?"

"घाटावरची आली असतील चरायला."

"घाटावरची मी जलमभर बघितली. त्यांची शेपूट माझ्या करंगळीएवढी. ही बघ. शेपूट हाय का उशी?"

सगळे फोनवर ओणवले. खरंच, प्रत्येक मेंढीच्या मागे चरबीची रुंद गादी डुलत होती.

"बांधलं असेल काहीतरी," मुरारी पुटपुटला.

"मग तू एक बांधून दाव. म्हशीला बांध, माझी हाय ती. लाथ तेवढी तुझी तू खा."

टपरी खदखदून हसली. मुरारीला दिसेल ते टिपायची सवय. हेही त्याने टिपलं होतं. आणि भला माणूस, स्वतःचा पराभव जाहीर माफीसकट चॅनलवर टाकून मोकळा झाला. त्याचा एकही व्हिडिओ आजवर इतक्या लोकांनी पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी माझ्या फोनवर गौतमी. "आजी, तू वाचवलंस मला! लोक परत बघायला लागले. आता आणखी दोन महिने इथेच थांबते."

टपरी टाळ्या वाजवायला टपलेली. मी भागूबाईकडे पाहिलं. नातीला घरी आणणारी वाट तिने स्वतःच्या तोंडाने बंद केली होती. ती बराच वेळ पदराने फोनची काच पुसत राहिली. मग म्हणाली,

"ऱ्हा मग. पण तिथल्या कुणा बाईला मावशी म्हण. मावशी भाचीला उपाशी नाय ठेवत."