जाड कागदावरचा दादा

मशीन कर्रर्र वाजलं आणि दादाच्या कपाळावर काळा ओरखडा उठला, केसांपासून थेट डाव्या भुवईपर्यंत. थोडं पुढं सरकून कागद अडकला आणि लाल दिवा लुकलुकायला लागला. फोटोत डोळे आले होते. डोळ्यांखाली नुसता पांढरा कागद.

कपाळ कागदावरचं होतं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पुण्याला दवाखान्यात होता आणि जिवंत होता. आम्ही इकडं घोडेगावात, माझ्या मुलाच्या फोटो स्टुडिओत, त्याच्या दहाव्याला लावायचा फोटो छापत होतो.

दादाच्या फुफ्फुसात पू झाला होता. नळी घालून मशीनवर श्वास चालू होता. डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. दादाचा मुलगा पुण्यात नोकरीला. तो सकाळीच आला, काखेत दोन पुठ्ठे बांधलेले. पुठ्ठ्यांच्या मधे कागद. दोनच.

"आत्या, नंतर पळापळ व्हती. मानसं येत्यात, इधी असत्यात, फोटोकडं कोन बघनार? आत्ताच करून ठिवू."

"आईला सांगितलंस का?"

"न्हाई. तिला कशाला?"

आमच्या भागात जित्या माणसाचा एवढा मोठा फोटो कोणी करत नाही, पुढारी सोडले तर. मोठा फोटो म्हणजे हार, आणि हार म्हणजे माणूस गेला. हे मला माहीत होतं, त्यालाही होतं. तरी मी होय म्हटलं. मी असल्या गोष्टी मानत नव्हते. निदान तेव्हापर्यंत तसं म्हणायची.

माझा मुलगा त्या दिवशी बारशाच्या शूटिंगला गेला होता. स्टुडिओत सून आणि मी. माझी शाळा चौथीपर्यंत, कॉम्प्युटर सून बघायची. कागद मात्र माझ्याकडं, कारण माझ्या हाताला घाम येत नाही. एरवी आमचं काम म्हणजे दाखल्यांचे आणि अर्जांचे छोटे फोटो. त्याचा कागद पातळ, गुळगुळीत, समोरच्या ट्रेमधे गठ्ठा टाकला की झालं. हा कागद वेगळा. कापसाचा, पुठ्ठ्याएवढा जाड, हाताला किंचित खरखरीत. तो ट्रेमधे वाकत नाही. मशीनच्या मागं एक फट असते, तिच्यातून एक एक सोडायचा. शाई धरणारी बाजू एकच. ओल्या बोटानं कोपरा दाबून बघायचा, जी बाजू बोटाला चिकटते ती खरी. मग मऊ ब्रशनं वरची कापसाची कुसं झाडायची. हवा ओली असली की त्याचे कोपरे वर येतात, म्हणून तो आधी पाटाखाली दाबून ठेवायचा. कॉम्प्युटरमधे सुनेनं जाड कागद म्हणून निवडायचं, म्हणजे मशीनमधलं शाई सोडणारं डोकं थोडं वर उचललं जातं. हे सगळं आम्ही केलं होतं. तरी डोकं घासलं.

"आई, तुमी तिरका लावला व्हता," सून म्हणाली.

"मी? तूच जाड करायला इसरली आसशील."

"हे बघा, केलंय. डोळं हायेत ना तुमाला?"

आम्ही भांडत असतानाच दारातून वहिनी आत आली. डिंभ्याकडच्या गाडीतून उतरून ती पुण्याला निघाली होती. तिचा मुलगा इथं आहे हे तिला कोणीतरी स्टँडवर सांगितलं. हातात पिशवी, पिशवीत दादाचं धोतर आणि टॉवेल. कोणी काही बोलायच्या आत तिनं मशीनमधून अर्धा बाहेर आलेला कागद बघितला. तिच्या मुलानं मधे उभं राहायचा प्रयत्न केला. तिनं त्याला हातानं बाजूला केलं.

"ह्ये काय हाय?"

सून कॉम्प्युटरकडं वळली.

"वन्सं, मी तुमाला इचारतीय. मानूस जिता हाय अजून."

"फोटो हाय, वहिनी. फोटोनं कोन मरत न्हाई."

"मग आजच कशाला काढताय? त्यो घरी आल्यावर काढा, त्याला खुर्चीत बसवून."

सुनेनं मशीन बंद करून कागद हळूच मागं ओढून काढला. वहिनीनं तो हिसकावला आणि फाडायला गेली. तो फाटेना. कापसाचा कागद तसा फाटत नाही, कापडासारखा चिवट असतो. तिनं दोन्ही हातांनी पिळून बघितला, दातात धरला. शेवटी टेबलावर टाकला आणि उभ्या उभ्याच त्याच्याकडं बघत राहिली.

मला वाटलं, आता ही आम्हाला शिव्या घालणार आणि निघून जाणार. ती म्हणाली, "नाक न्हाई, तोंड न्हाई. श्वास कुठनं घेनार त्यो?"

मुलगा म्हणाला, "आई, तसं काय नसतं."

"तू गप. आदी न इचारता केलंस, आता मला शिकवतोस? असा अर्धा ठिवायचा न्हाई. पुरा करा."

दुसरा कागद शेवटचा होता. तसाच लावला असता तर तोही अडकला असता. मी सुनेला म्हटलं, आधी मागची फट बघ. तिनं बॅटरी लावली, तरी काही दिसेना. मी केसातली पिन काढून आत फिरवली. एक तांदळाचा दाणा बाहेर आला. कुंकवानं लाल झालेला.

चार दिवसांपूर्वी खंडेनवमी होती. घरात खुरपी, विळे पुजतात तसे आम्ही स्टुडिओत कॅमेरे आणि मशीन पुजतो. हळदकुंकू, झेंडूचं फूल, अक्षता. अक्षता मीच टाकल्या होत्या आणि मागचं झाकण उघडं होतं. छोट्या फोटोंचा कागद पुढच्या ट्रेमधून जातो, म्हणून चार दिवस कोणाला कळलं नाही. जाड कागद त्या दाण्यावरून गेला, एका बाजूनं उचलला गेला आणि डोक्याला लागला.

"माजीच चूक," मी म्हटलं. सुनेनं माझ्याकडं बघितलं, पण टोमणा मारला नाही. वहिनीनं दाणा तळहातावर घेतला, मग कोपऱ्यात फेकला. तेवढ्यानं काही ठीक झालं असं तिला वाटलेलं दिसलं नाही. मलाही वाटलं नाही.

मी फटीतून पिन आणखी तीनदा फिरवली. दुसरा कागद झाडला, कोपरा तपासला, आत सोडला. मशीननं तो धरला. केस आले. कपाळ आलं, स्वच्छ. डोळे आले. तेवढ्यात मुलाचा मोबाईल वाजायला लागला. दवाखान्याचा नंबर. तो तसाच हातात धरून उभा राहिला.

"उचल की," सून म्हणाली.

"उचलू नगं," वहिनी म्हणाली. "तोंड येऊ दे."

फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. मशीन एक ओळ इकडून तिकडं, एक ओळ तिकडून इकडं, असं घाई न करता चाललं होतं. नाक आलं. मिशी आली. मी टेबलाची कड धरून उभी होते. मी काही मानत नाही असं म्हणणारी मी, पण त्या वेळी मला कोणी सांगितलं असतं की कागदाला फुंकर घाल, तर घातली असती. ओठ आले, हनुवटी आली, सदऱ्याची कॉलर आली. कागद बाहेर पडला तो मी दोन्ही तळहातांवर झेलला.

मुलानं फोन लावला. दोन पिशव्या रक्त पाहिजे होतं, ताबडतोब. तो धावत सुटला.

शाई सुकायला फोटो तासभर उघडा ठेवायचा असतो. वहिनी तासभर त्याच्यासमोर स्टुलावर बसून राहिली, पाणीही घेतलं नाही. मग म्हणाली, "बांदून द्या. हितं ठिवायचा न्हाई. तुमी भिंतीला लावाल."

"वहिनी, मी कशाला लावंन?"

"छापलात की न्हाई?"

मी दोन पुठ्ठ्यांमधे दोन्ही कागद घालून सुतळीनं बांधले. चुरगळलेलाही तिनं मागून घेतला. ते पुठ्ठे मांडीवर घेऊन ती एसटीनं पुण्याला गेली आणि तिनं ते दवाखान्यात दादाच्या गादीखाली सरकवून ठेवले. नर्स ओरडली, तरी तिनं काढले नाहीत.

दादाच्या खोलीत तीन खाटा होत्या. दाराजवळचा म्हातारा दुसऱ्या दिवशी गेला. खिडकीजवळचा, दादापेक्षा कितीतरी तरुण, आठवड्यानं गेला. दादा वाचला.