साडूंचे ट्रायॅक

दुसऱ्यासाठी जीव टाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण ट्रायॅकच्या काळजीनं वजन घटलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच, आणि ते आमचे थोरले साडू. ट्रायॅक म्हणजे कुलरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या रेग्युलेटरातला तीन पायांचा, नखाएवढा पुर्जा. अकोल्याच्या शाळेत विज्ञान शिकवून साडू निवृत्त झाले आणि उरलेलं सगळं वात्सल्य त्यांनी या पुर्ज्यावर ओतलं. मोटर बंद होताना मारते तो विजेचा धक्का झेलायला त्याच्या शेजारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी, लाइनीतला दाब उसळला तर व्हॅरिस्टर, अंग तापू नये म्हणून पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी. स्वतः मात्र भर मे महिन्यात उघड्या डोक्यानं बाजारात जात. बायकोनं दुपट्टा पुढं केला की म्हणत, "मले काय होते? मी का ट्रायॅकसारखा सिलिकॉनचा आहो?"

अशाच एका मेमध्ये त्यांच्या लेकीला, प्रणिताला, पाहायला अचलपूरचे पाहुणे आले. गडबडीत साडूंनी सकाळीच नवा रेग्युलेटर बसवला आणि ती रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी लावायचीच राहिली. पोहे आले, कुणीतरी कुलरचा पंप बंद केला, त्याचा धक्का थेट ट्रायॅकला बसला, आणि कुलर गरजला! ट्रायॅक मेला की विजेची वाट बहुधा बंद होत नाही, सताड उघडी राहते. बटन कितीही फिरवा, पंखा फुल्ल. मुलाच्या वडिलांची टोपी उडाली, पोहे सोफाभर झाले, मुलाच्या आईवर पाण्याचा सडा पडला.

"प्लग काढा ना राजेहो!" मुलाचे वडील ओरडले.

साडू कुलरशेजारी फतकल मारून डोळे पुसत होते. "गेला जी... माह्या चुकीनं गेला!"

"कोण गेलं, बाप्पा?" मुलाच्या आईनं घाबरून शेजारी बसलेल्या मला विचारलं.

शेवटी प्रणितानं चहाचा ट्रे खाली ठेवला, प्लग ओढला, पदर खोचला आणि पाहुण्यांदेखत नवा ट्रायॅक बसवला, त्याच्या जोडीदारांसकट. कुलर शहाण्यासारखा मंद फिरू लागला. मुलाच्या आईनं केसातला पोहा काढत निकाल दिला, "आमच्या घरचा कुलरही असाच करते. पोरगी पसंत आहे आमाले."

आता अमरावतीहून मी कधी अकोल्याला गेलो, की साडू पुर्जे जोडायला शिशाचा डाग देताना तार धरायचं काम माझ्याकडं येतं. ते पूर्वी लेकीचं होतं; ती आता अचलपूरला नांदते. माझा हात हलतो, डाग बिघडतो. साडू रागावत नाहीत. "राहू द्या," म्हणतात, "तिलेही पहिले पहिले जमत नवतं." मग डाग द्यायची कावी पुन्हा तापवतात आणि तार माझ्या बोटांत स्वतःच्या हातानं नीट बसवून देतात.