फुगडीकाकूंचं ट्रॅम्पोलिन

वाडीत नवी सून आली की बाकीच्या बायका तिच्या शिक्षणाची, स्वयंपाकाची चौकशी करायच्या. फुगडीकाकू तिचं मनगट हातात घेऊन दाबून बघायच्या आणि एवढंच विचारायच्या, "फुगडी येते का गो?" नाही म्हणणारीची त्यांना मनापासून कीव येई. मला फुगडी येत होती, म्हणून माझे बाकीचे सगळे गुन्हे माफ झाले.

गौरीच्या दिवशी त्यांच्या घरापुढच्या खळ्यात फुगड्या रंगायच्या आणि शेवटची फुगडी ठरलेली असायची: काकू आणि विरारहून येणाऱ्या त्यांच्या धाकट्या जाऊबाई. एरवी या दोघींचं मोदकाच्या सारणावरूनसुद्धा वाजायचं. पण पावलांना पावलं लावून मागे रेलल्या की दोघींची साठी कुठल्या कुठे पळायची.

एका वर्षी भर फुगडीत काकूंचा गुडघा लचकला आणि हात सुटले. काकू खळ्यात बसकण मारून पडल्या, त्यांना काही झालं नाही. जाऊबाई मात्र पायरीवर आदळल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. काकूंना कुणी शब्दानं बोललं नाही. पुढच्या गौरीला जाऊबाई आल्या नाहीत, आणि काकू खळ्यात उतरल्या तेव्हा एकेकीला घरातलं काम आठवलं. मी बाळंतीण, ओट्यावर बसून बघत होते. काकूंनी पुढे केलेले हात हळूच पदराला पुसले. मला फार वाईट वाटलं.

काकूंचा गुडघा बघून डॉक्टरांनी सांगितलं होतं की फरशीवर उड्या बंद, पायांत ताकद यायला हवी. छोट्या ट्रॅम्पोलिनवर दांडी धरून हळूहळू केलं तर चालेल. काकूंनी त्यातलं 'चालेल' तेवढं ऐकलं. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्या माझ्या स्कूटरवर मागे बसल्या आणि आम्ही रत्नागिरीच्या बाजारात गेलो.

दुकानदारानं चकचकीत स्प्रिंगांचं ट्रॅम्पोलिन पुढे केलं. काकूंनी स्प्रिंगांवरून बोट फिरवलं. "आमच्या खाऱ्या वाऱ्यात ह्या दोन पावसाळे काढायच्या नाहीत. आणि करकरतील. दुपारचे शेजारी झोपलेले असतात हो." मग जाड रबरी दोऱ्यांवर ताणलेलं दुसरं आलं. वजन पेलेल का, तर म्हणे बिनधास्त. काकूंनी त्या गृहस्थांना नीट न्याहाळलं. ते अंगानं चांगले भरलेले होते.

"मग तुमी चढा बघू आधी."

बिचारे चप्पल काढून चढले आणि उड्या मारू लागले. मधलं कापड जमिनीला टेकतं का, ते काकू वाकून बघत होत्या. मी हसू दाबायला रस्त्याकडे तोंड केलं. टेकत नाही म्हटल्यावर सौदा पक्का झाला.

"दांडीवालंच घ्या काकू," मी म्हटलं.

"घेते. पण काढता येईल अशी दे रे बाबा. फुगडीत दांडी खंय असते?"

पडवीत ते मांडलं. आधी दोन्ही हातांनी दांडी धरून नुसतं पाय उचलणं, मग एक हात सोडून. श्रावण संपता संपता त्यांनी माझ्याकडून पान्यानं दांडी काढून घेतली.

त्या गौरीला जाऊबाई आल्या. फुगड्या सुरू झाल्या तरी काकू ओट्यावरून हलेनात. एवढी मेहनत करून ही बाई बसून का राहते, मला कळेना. मग त्यांच्याकडे नीट पाहिलं. पाय तयार झाले होते, पण हात पुढे करायचा धीर होत नव्हता.

जाऊबाई उठल्या. मोडून सांधलेला तोच हात त्यांनी पुढे केला. "उठा ताई. सगळ्या खोळंबल्यात."

"नको गो. परत सुटला तर?"

"सुटला तर दुसरा मोडंल. उठा."

पहिले काही फेरे इतके सावकाश झाले, की कुणी गाणंही म्हणेना. मग काकू मागे रेलल्या, पूर्ण रेलल्या, आणि त्या दोघी अशा फिरल्या की मला रडू आवरेना.

काकू या चैत्रात झोपेतच गेल्या. भाद्रपदात जाऊबाई आल्या तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यांना ओढून पाहिलं. त्यांनी मनगट चोळलं आणि म्हणाल्या, "नको गो. ह्या हाताला त्यांचीच सवय."

शेवटच्या फुगडीची वेळ झाली, तेव्हा खळ्यात कुणीच उतरलं नाही.